अंग दुखलं नाही तर व्यायाम लागला नाही, असं असतं का?

अबोली_ठाणे

नमस्कार. वजनांच्या व्यायामावर इथे आधी बरंच लिहून झालंय, पण माझ्या प्रश्नाचं नेमकं उत्तर सापडलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतेय.

चाळिशीनंतर हाडं टिकवायची तर नुसतं चालणं पुरत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि मी जिम लावली. सुरुवातीला स्क्वॉट आणि लंजेस केले की पुढचे दोन दिवस जिना उतरताना कठडा धरावा लागे. आता त्याहून जास्त वजन घेते, पण दुसऱ्या दिवशी काहीच जाणवत नाही. आमचे ट्रेनर म्हणतात, "मॅडम, दुखत नाही म्हणजे बॉडीला सवय झाली. शॉक द्यायला लागेल." मग दर आठवड्याला सगळे व्यायाम बदलून मिळतात, पुन्हा मांड्या भरून येतात आणि ते खूश होतात.

दुखणं हे व्यायाम लागू पडल्याचं माप आहे का? नसेल, तर कशावरून ओळखायचं? घर आणि ऑफिस सांभाळून हा वेळ काढते, तो वाया जायला नको. जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

दंडबैठक

आमच्या बॅचमध्ये ज्याला दुसऱ्या दिवशी हात वर करून टी-शर्ट काढता येत नाही, त्याचा चेस्ट डे भारी झाला असं समजतात. सगळ्यांना लॅक्टिक आम्ल साठल्यामुळे दुखतं हेच सांगितलं जातं. वाचतोय.

फिजिओ_नीरजा

अबोली, प्रश्न अगदी योग्य विचारलात. फिजिओथेरपिस्ट म्हणून मला तो सारखा ऐकायला मिळतो.

आधी लॅक्टिक आम्लाचं. व्यायामात वाढलेलं लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक आम्लाचं शरीरातलं रूप, साधारण तासाभरात पूर्वपदावर येतं. दुखणं मात्र बारा-चोवीस तासांनी सुरू होतं, २४ ते ७२ तासांच्या दरम्यान सर्वांत जास्त असतं आणि आठवड्याच्या आत जातं. वेळच जुळत नाही. १९८३ मध्ये एक प्रयोग झाला होता: काही जणांना सपाट ट्रेडमिलवर पळवलं, काहींना उतारावर. सपाटीवर पळणाऱ्यांच्या रक्तातलं लॅक्टेट वाढलं, पण पाय दुखले नाहीत. उतारावर पळणाऱ्यांचं लॅक्टेट फारसं वाढलं नाही, आणि पाय दुखले ते त्यांचेच.

हे का, ते ट्रेकिंग करणाऱ्यांना लगेच पटेल. कळसूबाई चढताना दम निघतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या बोलतात त्या उतरल्यामुळे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू शरीराचं वजन पेलत पेलत लांबत असतो. अशा कामाला इसेन्ट्रिक म्हणतात. डंबेल वर नेताना दंडाचा स्नायू आखडतो, हळूहळू खाली आणताना तोच स्नायू ताण न सोडता लांबतो. या दुसऱ्या भागात तंतूंना आणि त्यांच्या भोवतीच्या आवरणाला सूक्ष्म इजा होते, तिथे दाह होतो, आणि तिथले मज्जातंतू इतके हळवे होतात की एरवी न जाणवणारा दाबही दुखतो. थिओडोर हफ नावाच्या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने १९०२ मध्येच हे उशिराचं दुखणं थकव्याच्या दुखण्यापासून वेगळं काढलं होतं. लॅक्टिक आम्लाची गोष्ट तरीही जिममधून हललेली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. दुखणं किती आहे यावरून इजा किती झाली हेसुद्धा धड कळत नाही. जपानी संशोधक नोसाका यांनी २००२ मध्ये दंडाच्या स्नायूवर हे तपासलं. ताकद किती घटली, सूज किती आली, रक्तात स्नायूतलं एन्झाइम किती वाढलं, यांचा दुखण्याशी मेळ फार कमी बसला. जे दुखणं इजेचंही माप नाही, ते वाढीचं माप कसं ठरणार?

आणि तुम्हाला आता दुखत नाही, त्याचं कारण संरक्षण. एकदा एखादा अनोळखी व्यायाम केला की पुढच्या वेळी त्याच व्यायामाने स्नायूला खूप कमी त्रास होतो. हे संरक्षण काही आठवडे टिकतं, काही प्रयोगांत तर सहा महिन्यांपर्यंत टिकलेलं दिसलंय. तुमचा व्यायाम थांबलेला नाही, तुमच्या मांड्या त्यासाठी तयार झाल्यात.

रथसप्तमी

+१. आमच्या मंडळात रथसप्तमीला १०८ सूर्यनमस्कार असतात. जे एरवी एकही घालत नाहीत त्यांचे खांदे आणि मांड्या पुढचे दोन-तीन दिवस धरतात. जे बारा महिने घालतात ते दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे हजर. नमस्कार दोघांनी तेवढेच घातले. मग फायदा फक्त पहिल्यांना झाला म्हणायचं का?

शंकासुर

नीरजाताई, प्रतिसाद आवडला, पण एक मुद्दा सुटतोय. संरक्षण मिळालं, ठीक. पण इजा होणं आणि ती भरून येणं यातूनच स्नायू वाढतो ना? मग इजा कमी झाली की वाढही कमी व्हायला हवी.

फिजिओ_नीरजा

शंकासुर, बरीच वर्षं असंच मानलं जायचं. तपासल्यावर चित्र वेगळं निघालं.

२०११ मधला एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. एका गटाला पहिले तीन आठवडे अगदी हलका इसेन्ट्रिक व्यायाम देऊन तयार केलं, दुसऱ्या गटाला थेट खऱ्या व्यायामावर आणलं. दुसऱ्या गटात दुखणं आणि रक्तातल्या इजेच्या खुणा दोन्ही जास्त होत्या. पुढे आठ आठवडे दोघांनी सारखंच काम केलं. शेवटी स्नायूची वाढ आणि ताकद दोन्ही गटांत जवळजवळ सारखी भरली. एवढं जास्त दुखून घेतल्याचा त्यांना काही लाभ झाला नाही.

२०१६ मध्ये ब्राझीलच्या साओ पावलो विद्यापीठातल्या चमूने दहा आठवडे टप्प्याटप्प्याने स्नायूतली प्रथिननिर्मिती मोजली. पहिल्या व्यायामानंतर ती सर्वांत जास्त होती, पण अंतिम वाढीशी तिचा संबंध लागेना. इजा ओसरल्यावर, म्हणजे तिसऱ्या आठवड्यापासून पुढे जी मोजली, तिचा मात्र वाढीशी नीट संबंध लागला. सुरुवातीला सगळे गवंडी पडझड बुजवण्यात गुंतलेले असतात, नवा मजला चढायला लागतो तो पडझड थांबल्यावर. दर आठवड्याला मुद्दाम नवी पडझड केली तर गवंड्यांना वरती जायला सवड कधी मिळणार?

वाढीला लागतो तो ताण. पुरेसं जड वजन, किंवा हलकं वजन पण स्नायू थकेपर्यंत, आणि तेही पुन्हा पुन्हा, आठवड्यामागून आठवडे.

सातारी_धावपटू

ताकदीच्या व्यायामातलं मला फारसं कळत नाही, पण सातारा हिल मॅरेथॉनमध्ये आधी यवतेश्वरचा घाट चढायचा आणि नंतर तोच उतरायचा असतो. उतारावर जोरात सुटलेल्यांना सोमवारी खुर्चीत बसता येत नाही. दुखण्याने मांड्या वाढत असत्या तर लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या मांड्या पैलवानांसारख्या दिसल्या असत्या.

लोखंडे_नाशिक

मी ट्रेनर आहे. या धंद्याची बाजू सांगतो, पण कोणाला पाठीशी घालायचं म्हणून नाही.

पैसे भरून आलेल्या माणसाला लगेच जाणवेल असं आमच्याकडे काय असतं? घाम आणि दुसऱ्या दिवसाचं दुखणं. ताकद वाढायला आठवडे लागतात, शरीर बदलायला महिने. मधल्या काळात क्लायंटला वाटतं, काही होतच नाहीये, आणि तो जिम सोडतो. म्हणून दुखणं विकलं जातं. दुखवायला अक्कल लागत नाही, कोणालाही दोनशे लंजेस मारायला लावले की काम झालं. माणसाला सहा महिने न दुखवता पुढे नेणं, त्याला अक्कल लागते.

अबोलीताई, तुमच्या बाबतीत खरं नुकसान कुठे होतंय ते सांगतो. नवीन व्यायाम शिकताना पहिले काही आठवडे जे वजन भराभर वाढतं, ते मुख्यतः मेंदू आणि मज्जातंतू ती हालचाल शिकतात म्हणून. पाय कुठे ठेवायचा, तोल कसा धरायचा, कोणता स्नायू कधी आवळायचा, हे बसेपर्यंत स्नायूवर पुरता ताण टाकताच येत नाही. व्यायाम दर आठवड्याला बदलला की तुम्ही कायम शिकाऊ राहता. ताण टाकण्याइतकी हालचाल पक्की होण्याआधीच ती काढून घेतली जाते. आणि नवखेपणामुळे दुखत राहतं, त्यामुळे वाटतं की व्यायाम फार भारी चाललाय.

दुसरं, तुलनाच करता येत नाही. गेल्या मंगळवारी गॉब्लेट स्क्वॉट, या मंगळवारी स्टेप-अप, पुढच्या मंगळवारी लेग प्रेस. पुढे गेलात की मागे, हे कशावरून ठरवणार?

माझं मत स्पष्ट आहे. बसून उठणं, कमरेतून वाकून उचलणं, ढकलणं, ओढणं, या प्रत्येकासाठी एकेक व्यायाम निवडा आणि निदान आठ ते बारा आठवडे तोच ठेवा. एक वही करा. समजा ३ सेट (फेऱ्या), प्रत्येकात ८ ते १२ रेप (आवृत्त्या) ठरले. २० किलोवर आज ८, ८, ७ आले. पुढच्या वेळी ९, ८, ८. असं करत तिन्ही सेटमध्ये १२ गाठले की वजन अडीच किलोने वाढवायचं आणि पुन्हा ८ पासून सुरू. शेवटची दोन-तीन रेप इतकी जड वाटली पाहिजेत की वेग आपोआप मंदावेल, पण ठेवण बिघडू द्यायची नाही. वहीतला आकडा महिन्या-दोन महिन्यांत वर सरकला तर व्यायाम लागतोय, दुखो वा न दुखो. आकडा तिथेच अडला असेल तर रोज दुखूनही उपयोग नाही. मग झोप, जेवण, सेटची संख्या, विश्रांती, यात कुठे कमी पडतंय ते बघायचं.

लाल_माती

कोल्हापूरचा आहे, तालमीत वाढलोय. नाशिककर दादांना अनुमोदन.

आमच्यात नव्या पोराला वस्ताद पहिल्याच दिवशी मोठ्यांच्या बरोबरीनं जोर-बैठका काढू द्यायचे नाहीत. थोड्यावर सुरू करायचं, अंगाला सोसेल तसा आकडा चढवायचा. मेहनत मोजायची ती आकड्यात: जोर किती, बैठका किती, लढती किती. किती दुखतंय असं वस्तादांनी कधी विचारलं नाही. अंग आंबायचं, नाही असं नाही. पण आंबलं म्हणून कौतुक नव्हतं आणि सुट्टीही नव्हती, दुसऱ्या दिवशी हलकी मेहनत आणि मालिश. दुखण्याची फुशारकी मारायची पद्धत मी शहरात आल्यावरच बघितली.

फिजिओ_नीरजा

लाल_माती, तुमच्या वस्तादांचं धोरण शास्त्राला धरून होतं. हलक्या हालचालीने दुखणं तेवढ्यापुरतं नक्की कमी होतं, आणि उपायांची तुलना केलेल्या अभ्यासांत मालिश वरच्या क्रमांकावर येते. स्ट्रेचिंगचा मात्र फार गवगवा आहे. २०११ मधल्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, शंभरच्या मापावर दुखणं अर्ध्या ते एका अंकाने कमी झालेलं आढळलं, म्हणजे जाणवणारही नाही इतकं. लवचिकपणासाठी स्ट्रेचिंग जरूर करा, दुखणं जावं म्हणून नको.

टोरांटोकर

इकडे जिममध्ये थंड पाण्याच्या टबाची लाट आहे. वजनं उचलून झाली की सगळे त्यात बसतात. मीही बसतो, दुसऱ्या दिवशी खरंच बरं वाटतं. त्याबद्दल काय?

फिजिओ_नीरजा

बरं वाटतं हे खरं. पण स्नायू वाढवायचा असेल तर वजनांच्या व्यायामानंतर लगेच नका बसू. ऑस्ट्रेलियात २०१५ मध्ये १२ आठवड्यांचा अभ्यास झाला. एक गट व्यायामानंतर १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात १० मिनिटं बसायचा, दुसरा सावकाश सायकल चालवायचा. पाण्यात बसणाऱ्यांची स्नायूवाढ आणि ताकदवाढ दोन्ही कमी भरली. स्पर्धेच्या दिवसांत लागोपाठ सामने असतील तेव्हा गोष्ट वेगळी, तिथे उद्या मैदानात उतरणं महत्त्वाचं.

दंडबैठक

आणि पेनकिलर? आमच्यातले दोघे-तिघे लेग डेनंतर न चुकता घेतात.

रातपाळी

मी रुग्णालयात आकस्मिक विभागात काम करतो. दंडबैठक, त्या मित्रांना हा प्रतिसाद वाचायला द्या.

२०१८ मध्ये स्वीडनच्या कारोलिन्स्का संस्थेने तरुण मंडळींवर आठ आठवडे अभ्यास केला. रोज १२०० मिलिग्रॅम इबुप्रोफेन घेणाऱ्यांचा मांडीचा स्नायू ३.७ टक्के वाढला, अगदी कमी मात्रेत ॲस्पिरिन घेणाऱ्यांचा ७.५ टक्के. वयस्कर लोकांत वेगळे निकाल आलेत, त्यामुळे सरसकट विधान करत नाही. पण विशी-तिशीतल्या माणसाने दुखू नये म्हणून रोज गोळी घेणं म्हणजे जे कमवायला जिमला जातो तेच घालवणं. एखाद्या वेळी घेतल्याने काही बिघडत नाही.

मला जास्त काळजी आहे ती वेगळ्या गोष्टीची. नवखा माणूस, किंवा मोठ्या खंडानंतर परतलेला जुना माणूस, पहिल्याच दिवशी जोशात शेकडो रेप मारतो. तेव्हा स्नायूच्या पेशी मोठ्या प्रमाणावर फुटून त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडावर आघात करतं. याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी काळपट होणं, हात किंवा मांडी सुजून टणक होणं, कोपर सरळच न होणं, विलक्षण अशक्तपणा, यातलं काहीही दिसलं तर घरी पाणी पीत बसू नका, गोळी तर अजिबात घेऊ नका. त्याच दिवशी रुग्णालयात जा आणि व्यायामाबद्दल स्वतःहून सांगा. क्रिएटिन कायनेज, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन या रक्ततपासण्या होतात, गरज लागली तर सलाइन. वेळेत आलेला माणूस बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर डायलिसिसपर्यंत जाऊ शकतं. अशा वेळी इबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतलं तर आधीच अडचणीत असलेल्या मूत्रपिंडावर आणखी भार पडतो.

"जास्त दुखलं म्हणजे जास्त लागलं" ही समजूत ज्यांच्या डोक्यात पक्की असते, तेच लोक उशिरा येतात. त्यांना सूज येईपर्यंत सगळं छानच चाललंय असं वाटत असतं. म्हणून हा धागा मला महत्त्वाचा वाटतो.

अबोली_ठाणे

रातपाळी, खूप आभार. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. वाचनखूण साठवली आणि जिमच्या ग्रुपवर पाठवते आहे.

शंकासुर

माझा आक्षेप अजून पूर्ण मिटलेला नाही. स्नायू ताणलेल्या अवस्थेत वजन पेलणारे व्यायाम, म्हणजे खोल स्क्वॉट, रोमानियन डेडलिफ्ट (कमरेतून वाकून वजन उचलणं), जास्त दुखवतात. आणि नेमके हेच व्यायाम वाढीला चांगले असं अलीकडे दिसतंय. जपानमधल्या २०२१ च्या अभ्यासात १२ आठवड्यांनंतर बसून केलेल्या लेग कर्लने (वजनाविरुद्ध गुडघा दुमडणं) मांडीचा मागचा स्नायू १४ टक्के वाढला, पालथं झोपून केलेल्याने ९ टक्के. बसल्यावर तो स्नायू जास्त ताणलेला असतो. मग दुखणं अगदीच निरर्थक कसं म्हणायचं?

फिजिओ_नीरजा

निरर्थक म्हणत नाही, आणि हा मुद्दा तुम्ही आणलात ते बरं झालं. ताणलेल्या अवस्थेतला भार हे दोन्हीचं समान कारण आहे. त्यातून सुरुवातीला दुखतं, आणि त्यातूनच वाढही होते. दुखणं गेलं तरी भार तिथेच असतो, म्हणून वाढ चालू राहते. उलट बाजूने पाहा: खांद्याच्या बाजूचा स्नायू कितीही मेहनत केली तरी अनेकांचा क्वचितच दुखतो, आणि तरी तो वाढतो.

दुखण्यातून कळतं ते एवढंच की कोणत्या भागावर अनोळखी काम पडलं. रोमानियन डेडलिफ्ट पहिल्यांदा केल्यावर मांडीची मागची बाजू न दुखता फक्त कंबर दुखली, तर ठेवण तपासून घ्या. एवढ्यापुरती ती माहिती कामाची आहे.

शंकासुर

समान कारणाचा मुद्दा मान्य. पण ज्या स्नायूला महिनोन्‌महिने काहीच जाणवत नाही, दुखणं नाही की व्यायाम करताना ताण नाही, त्याबद्दल मी तरी सावध राहीन.

लोखंडे_नाशिक

व्यायाम करताना ताण जाणवत नसेल तर मीही सावध राहतो. दुसऱ्या दिवशीचं मी विचारतसुद्धा नाही. आणि खूप दुखत असताना त्याच स्नायूला पुन्हा जड काम देऊ नका. ताकद त्या दिवसांत घटलेली असते, सेट हलके जातात, आठवड्याचं एकूण काम कमी भरतं. सोमवारी पाय इतके मारले की गुरुवारीही बसता येत नाही, तर गुरुवारचा व्यायाम गेला. मापात केलं असतं तर दोन्ही दिवस झाले असते.

सुलभाकाकू

बाळांनो, सगळं वाचलं. माझं वय ६६. सोसायटीतल्या मुलीकडे डंबेल आणि रबरी पट्ट्यांचा व्यायाम करते. मला फारसं दुखत नाही, पण हल्ली दोन्ही मांड्या आणि पोटऱ्या व्यायाम नसलेल्या दिवशीही जड आणि दुखऱ्या वाटतात. कोलेस्टेरॉलची गोळी चालू झाल्यापासून जास्त. हे व्यायामाचंच का? आणि माझ्या वयाला ते वहीचं कसं जमवायचं?

रातपाळी

काकू, व्यायामाचं दुखणं आठवडाभरात जातं आणि ज्या भागाने नवं काम केलं तिथेच असतं. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गटातल्या गोळ्यांनी काही जणांचे स्नायू दोन्ही बाजूंनी दुखतात. तुमचं तसंच आहे असं मी इथून म्हणू शकत नाही. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. ज्यांनी दिली त्या डॉक्टरांना दुखणं कधीपासून आहे ते सांगा, ते रक्त तपासून गोळी किंवा मात्रा बदलायची का ते ठरवतील.

फिजिओ_नीरजा

काकू, वहीचं सोपं आहे. पाठ टेकायची, हात नसलेली खुर्ची भिंतीला लावून ठेवा, हात छातीवर घडी करा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसता येतं ते मोजा. पहिल्या वेळी घरातलं कोणी शेजारी असू द्या. महिन्यातून एकदा मोजून तारखेसह लिहा. डंबेलचं वजन आणि पट्टीचा रंगही त्याच पानावर. डॉक्टरांकडे जाऊन आलात की इथे कळवा, मग पट्टी बदलायची का ते बघू.

सुलभाकाकू

डॉक्टरांची वेळ घेतली आहे. खुर्चीचं आज संध्याकाळी सुनेला शेजारी उभं करून मोजते.